कावळासुद्धा लिहा

ई-बर्ड अ‍ॅपवर मी पहिली यादी टाकली, तेव्हा तिच्यात एकच पक्षी होता, खंड्या. कावळे, साळुंक्या, पारवे कशाला लिहायचे? ते तर रोजचेच! इथेच मी चुकलो.

यादी पाठवताना अ‍ॅप विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? तुम्ही 'हो' म्हणालात की यादीत नसलेला पक्षीही काहीतरी सांगतो: एवढा वेळ, एवढं अंतर फिरूनही तो दिसला नाही. अशा हजारो याद्यांपैकी किती टक्क्यांत एखादा पक्षी येतो, हे वर्षानुवर्षं बघितलं की तो वाढतोय की घटतोय याचा अंदाज बांधता येतो. माझ्या एकट्या खंड्यावरून यातलं काहीच निघत नाही.

बरं, कुणी काहीही टाकलं तर? त्या भागात, त्या महिन्यात न बसणारी नोंद सॉफ्टवेअर बाजूला काढतं. मग जाणकार स्वयंसेवक मेल करून फोटो किंवा वर्णन मागतात. (कोड रिव्ह्यूच की हा, फक्त बिनपगारी!)

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३' हा अहवाल ३०,००० हून जास्त पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातून कळलं की मोर वाढलेत, पण विजेच्या तारांवर बसणारा आपला नीलकंठ घटतोय. तोही 'रोजचाच' होता ना!

आता मी कावळ्यापासूनच सुरुवात करतो. आणि हो, संख्या मोजता आली नाही तर आकड्याच्या जागी 'एक्स' टाकलेला चालतो.