दिवा लागला म्हणजे संगणक सुरू झाला असे नाही
लिनक्स संगणकाकडूनच खात्री करून घेण्याची पद्धत

दुकानाचे शटर वर गेले म्हणजे दुकान चालू झाले, असे कोणताही व्यापारी म्हणणार नाही. नोकर जागेवर हवा, गल्ला उघडलेला हवा, तराजू बरोबर हवा. मगच गिऱ्हाइकाला माल देता येतो. संगणकाचेही तसेच आहे. डब्यावरचा दिवा लागला, पंखा फिरू लागला, एवढ्यावरून तो कामाला तयार झाला असे ठरत नाही.

समोर माणूस बसलेला असेल तर अडचण लगेच दिसते. पण आज अनेक दुकानांत, गोदामांत, दवाखान्यांत आणि शाळांत एक संगणक कोपऱ्यात, पडद्याशिवाय आणि कळफलकाशिवाय चालू असतो. बिलांचा हिशेब, मालाचा साठा, कॅमेऱ्यांचे चित्रण त्याच्याकडे असते. अशा कामासाठी लिनक्स पुष्कळ ठिकाणी वापरले जाते, कारण ते फुकट मिळते आणि महिनोन् महिने न थांबता चालते. दुकान बंद करून सारे जुमाच्या नमाजला गेले आणि मधल्या वेळेत वीज जाऊन आली, तर तो संगणक नीट उठला की अर्ध्यावर अडकला, हे कळणार कसे? रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत, गिऱ्हाइकांची रीघ लागलेली असताना हे कळले तर फार उशीर झालेला असतो.

अडकतो कुठे?

संगणक सुरू होण्याचे चार टप्पे आहेत. प्रथम मदरबोर्डवरील बायोस किंवा यूईएफआय जागे होते आणि मेमरी, डिस्क तपासते. ते बूटलोडरला, बहुधा ग्रबला, बोलावते. ग्रब लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल मेमरीत आणतो. शेवटी कर्नल सिस्टमडी नावाचा प्रोग्राम चालू करतो आणि तो नेटवर्क, डेटाबेस, बिलिंग वगैरे सेवा उभ्या करतो. सिस्टमडी २०१० साली आले. २०१५ मध्ये डेबियन आणि उबुंटू या दोन्ही प्रमुख लिनक्स प्रकारांनी त्याचा स्वीकार केला.

यातील प्रत्येक टप्प्यावर गाडी थांबू शकते. एक नेहमीचे उदाहरण पाहा. हिशेबाची प्रत ठेवण्यासाठी जोडलेली जादा हार्डडिस्क कोणी काढून नेली, पण तिची नोंद एफएसटॅब या फाइलीत तशीच राहिली. पुढच्या वेळी सिस्टमडी त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहते. ती सापडली नाही की इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागत थांबते. पासवर्ड देणारा तिथे कोणी नसतो. दिवा चालू, पंखा चालू, काम बंद! नोंदीत ‘नोफेल’ हा एक शब्द घातलेला असता तर संगणक त्या डिस्कवाचून पुढे गेला असता.

आधी अपयश धरून चाला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संगणक बिघडला तर त्याने आपणहून तसे कळवावे, अशी आपली अपेक्षा असते. पण जो उठलाच नाही तो कळवणार काय? म्हणून या क्षेत्रातील जाणकारांनी उलटा नियम धरला आहे. सुरुवातीलाच ‘अपयश’ असे लिहून ठेवायचे आणि यश सिद्ध झाले की ते खोडायचे. खोडणारा आलाच नाही, तर अपयशाची नोंद आपोआप शिल्लक राहते.

उबुंटूमधील ग्रब हेच करतो. सुरू होताना तो ‘रेकॉर्डफेल’ अशी खूण डिस्कवर करतो आणि संगणक पूर्ण उभा राहिला की ती पुसली जाते. पुढच्या वेळी खूण तशीच सापडली, तर मागचा प्रयत्न फसला असे समजून ग्रब आपला मेनू पडद्यावर दाखवतो आणि ठरलेल्या मांडणीप्रमाणे ३० सेकंद थांबतो. वीज आली, मिनिटभरात पुन्हा गेली आणि परत आली, असे आपल्याकडे नेहमी होते. त्या वेळी संगणक आज इतका वेळ का घेतो, याचे एक कारण हे असू शकते. पूर्वीच्या काही आवृत्त्यांत तर कोणी कळ दाबेपर्यंत तो मेनू तसाच थांबून राहत असे. ही मुदत ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत कमी करता येते.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रयत्न मोजणे. सिस्टमडीच्या स्वतःच्या बूटलोडरमध्ये २०१८ च्या अखेरीस ही सोय आली. नव्या कर्नलच्या नोंदीच्या फाइलनावात अधिक ३ असा आकडा असतो, म्हणजे तीन संधी. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी बूटलोडर त्यातला एक कमी करतो. संगणक नीट उभा राहिला तर तो आकडा नावातून काढून टाकला जातो आणि ते कर्नल पक्के ठरते. तिन्ही संधी वाया गेल्या तर ती नोंद यादीत मागे टाकून जुने, चाललेले कर्नल घेतले जाते.

हे प्रकरण आपल्यापासून दूरचे नाही. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आहे. अशा फोनमध्ये अपडेट दुसऱ्या प्रतीवर चढते. ती नीट सुरू झाली तरच ‘यशस्वी’ अशी खूण होते, नाहीतर फोन जुन्या प्रतीवर परततो. गुगलच्या क्रोमबुकमध्येही डिस्कवर ‘उरलेल्या संधी’ आणि ‘यशस्वी’ अशा नोंदी असतात.

यश कशाला म्हणायचे?

येथे व्यापाऱ्याने स्वतः विचार करायला हवा. लिनक्सला विचारायची एक सोपी आज्ञा आहे : सिस्टमसीटीएल, मग जागा सोडून इज-सिस्टम-रनिंग (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचे). उत्तर एका शब्दात येते. ‘रनिंग’ म्हणजे सर्व सेवा ठीक. ‘स्टार्टिंग’ म्हणजे अजून उभा राहतो आहे. ‘डिग्रेडेड’ म्हणजे संगणक उठला, पण एखादी तरी सेवा पडली. ‘मेंटेनन्स’ म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे तो अडकून बसला आहे. कोणती सेवा पडली हे सिस्टमसीटीएलला ‘फेल्ड’ हा पर्याय दिला की कळते.

ही तपासणी संगणक सुरू होण्याच्या कामाचाच भाग म्हणून लावू नये. उभारणी पूर्ण होण्याची वाट तपासणी पाहते आणि तपासणी संपण्याची वाट उभारणी पाहते, असा घोळ होऊ शकतो. सिस्टमडीच्या टायमरने ती सुरू झाल्यापासून दोन-तीन मिनिटांनी चालवावी.

मात्र ‘रनिंग’ हे उत्तरही पुरेसे नाही. बिलिंगचा प्रोग्राम चालू आहे, पण डिस्क भरल्यामुळे नवे बिल लिहिता येत नाही, असे होऊ शकते. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली तर तारीख मागे जाते आणि बिले भलत्याच तारखेची निघतात. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात तर चौथ्या मॉडेलपर्यंत बोर्डवर असे घड्याळच नव्हते. इंटरनेट मिळेपर्यंत त्याला खरी वेळ कळत नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्या धंद्याप्रमाणे चार-पाच प्रश्न ठरवावेत. बिलाचे पान उघडते का? डेटाबेसमधून एक जुनी नोंद वाचता येते का? चाचणीची एक नोंद लिहिता येते का? डिस्कवर जागा आहे का? तारीख बरोबर आहे का? या प्रश्नांचा दहा-वीस ओळींचा एक शेल प्रोग्राम होतो. सर्व उत्तरे ‘होय’ आली तरच यश मानावे.

फेडोरा लिनक्सच्या छोट्या यंत्रांसाठीच्या आवृत्तीत ‘ग्रीनबूट’ नावाची व्यवस्था याच तत्त्वावर आहे. त्यात ‘आवश्यक’ आणि ‘हवे तर’ अशा दोन प्रकारच्या तपासण्या वेगळ्या फोल्डरांत ठेवतात. आवश्यक तपासणी फसली तर यंत्र पुन्हा सुरू होते आणि तरीही जमले नाही तर आधीच्या आवृत्तीवर परतते. दुसऱ्या प्रकारातली फसली तर फक्त नोंद होते. ही विभागणी आपणही करावी. प्रिंटरचा कागद संपला म्हणून सर्व्हर पुन्हा पुन्हा सुरू होणे शहाणपणाचे नाही.

साक्षीदार बाहेरचा हवा

तपासणी संगणकातच होत असली तरी निकाल पाहणारा बाहेरचा पाहिजे. घरचा दुसरा संगणक, दुसऱ्या शाखेतले यंत्र किंवा भाड्याचा छोटा सर्व्हर चालतो. दुकानातील संगणकाने दर पाच मिनिटांनी तपासणी करून ‘ठीक आहे’ असा निरोप त्याला पाठवावा. पंधरा मिनिटे निरोप आला नाही तर बाहेरच्या यंत्राने मालकाच्या फोनवर सूचना द्यावी. लक्षात घ्या, येथे शांतता हीच धोक्याची खूण आहे. नुसत्या ‘पिंग’वर विसंबू नये, कारण पिंगला कर्नल परस्पर उत्तर देतो, बिलिंग बंद पडलेले असले तरी पिंग चालू राहू शकते.

निरोपासोबत कर्नलचा ‘बूट आयडी’ही पाठवावा. तो प्रत्येक वेळी सुरू होताना नवा बनतो. म्हणून रात्रीतून संगणक चार वेळा पडून उठला असेल तर सकाळी ते समजते आणि दोष विजेचा की यंत्राचा, हे शोधणे सोपे जाते.

संगणक मध्येच गोठला तर वॉचडॉग उपयोगी पडतो. अनेक मदरबोर्डांत आणि रास्पबेरी पायच्या चिपमध्ये हा स्वतंत्र टायमर असतो. सिस्टमडीने त्याला ठरावीक वेळात ‘मी जागी आहे’ असे सांगितले नाही, तर तो संगणक सक्तीने पुन्हा सुरू करतो. याशिवाय वीज परतल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे, ही बायोसमधील सोय चालू आहे ना, हेही पाहावे. अनेक ठिकाणी खरी गफलत तिथेच असते.

मोठ्यांनाही चुकले नाही

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील संगणक पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. ते विंडोजचे होते, लिनक्सचे नव्हते, पण धडा सर्वांना सारखाच आहे. यंत्रे सुरू होत आणि लगेच कोसळत. असंख्य ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन दोषी फाइल हाताने काढावी लागली. भारतात काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

आपल्या समाजातील अनेक तरुण आज संगणक दुरुस्ती आणि देखभालीच्या व्यवसायात आहेत. त्यांनी या कामाकडे विशेष लक्ष द्यावे. लागणारे सर्व साहित्य लिनक्समध्येच विनामूल्य आहे, खर्च फक्त मेहनतीचा आहे. वार्षिक देखभालीचा करार करताना ‘सुरू झाल्याची तपासणी आणि निरोप’ ही बाब त्यात स्पष्ट लिहावी. व्यवस्था बसवून झाल्यावर गिऱ्हाइकासमोर तिची परीक्षा घ्यावी. आधी सूचना देऊन एक सेवा मुद्दाम बंद करावी, मग नेटवर्कची तार काढावी, आणि दोन्ही वेळा मालकाच्या फोनवर निरोप येतो का ते दाखवावे. ज्या व्यवस्थेची परीक्षा झाली नाही, तिच्यावर भरवसा ठेवू नये. व्यापाऱ्याचा हिशेब, त्याची उधारी, त्याच्या गिऱ्हाइकांची नावे ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. ती सुरक्षित आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने विचारण्याआधी आपल्याला माहीत असले पाहिजे.