पांढऱ्या शर्टातले दुकानदार

महिन्याचा पहिला रविवार. हातात यादी, पुढ्यात ट्रॉली आणि बिलासाठी लांबलचक रांग. डी-मार्टमधली ही गर्दी आपल्या चांगलीच ओळखीची. पण या दुकानांचे संस्थापक राधाकिशन दमाणी शेजारून गेले, तर आपल्यापैकी किती जण त्यांना ओळखतील? अंगात पांढरा शर्ट, पांढरी पँट; मुलाखती-भाषणांपासून चार हात दूर.

मुंबईच्या मारवाडी कुटुंबातल्या दमाणींनी कॉमर्सचं शिक्षण अर्धवट सोडून बॉल-बेअरिंगचा धंदा धरला. वडील गेल्यावर ते भावाबरोबर शेअरबाजारात आले. हर्षद मेहताची तेजी उधळली होती, तेव्हा ते मंदीवाल्यांच्या गोटात होते. ती तेजी लांबती तर दमाणींचं काही खरं नव्हतं. 1992 मध्ये घोटाळा फुटला आणि ते तरले.

बाजारात एवढं कमावलेल्या माणसाने तांदूळ-साबण विकायला का बसावं? पण ते बसले! आधी नेरुळला अपना बाजारची फ्रँचायझी चालवून धंदा समजून घेतला आणि 2002 मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. शक्यतो जागा स्वतःची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे झटपट चुकते करायचे, त्यामुळे स्वस्तात मिळालेला माल गिऱ्हाइकालाही स्वस्तात द्यायचा. घाई अजिबात नाही. 2017 मध्ये 299 रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीवर गेला, तेव्हा पंधरा वर्षांत दुकानं झाली होती 131. मार्च 2025 अखेर ती 415 झाली.

कोपऱ्यावरच्या वाण्याला याची झळ बसली, हे नाकारण्यात अर्थ नाही. उधारीची वही मात्र अजून त्याच्याकडेच आहे.

आणि दानधर्म? एप्रिल 2020. करोनाने सारं ठप्प झालेलं. दमाणींच्या ब्राइट स्टार कंपनीने पीएम केअर्सला 100 कोटी आणि अकरा राज्यांच्या निधींना 55 कोटी रुपये दिले. त्यातले 10 कोटी महाराष्ट्राला आले. पुढच्याच वर्षी भावासह त्यांनी मलबार हिलवर 1001 कोटींचा बंगला घेतला. वाचकहो, हे दोन्ही आकडे शेजारी मांडले की मनात प्रश्न उठतोच. आमच्याही उठला.

मुंबई महापालिकेच्या शाळांतही डी-मार्ट फाउंडेशन काम करतं. वाचनालय, संगणक, इंग्रजी बोलण्याचा सराव. मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावेत, असा 2013 चा कायदाच आहे. पण ते कुठे खर्चायचे हे कंपनीच ठरवते. इथे ते पोचलेत धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या लेकीच्या वर्गात.