पेट्रोलचे किरकोळ दर (भारत)

भारतात पेट्रोलचा किरकोळ दर इंधनाची मूळ किंमत, केंद्राचे उत्पादन शुल्क, राज्याचा मूल्यवर्धित कर (व्हॅट) आणि पंपचालकाचे कमिशन मिळून ठरतो. जून २०१० मध्ये पेट्रोल सरकारी दरनियंत्रणातून मुक्त झाले. १६ जून २०१७ पासून देशभर दररोज दरनिश्चितीची पद्धत सुरू झाली. नवा दर सकाळी ६ वाजता लागू होतो.

पेट्रोलवर वस्तू व सेवा कर लागू नसल्याने राज्यपरत्वे दर बदलतो. गोव्यात व्हॅट महाराष्ट्रापेक्षा कमी असल्याने सीमेलगतच्या सिंधुदुर्गातील अनेक वाहनचालक तेथे इंधन भरतात. मात्र मुद्दाम केलेल्या फेरीत जळणारे इंधन या बचतीतून वजा होते. मापाविषयी शंका असल्यास ग्राहकाला पंपावरील ५ लिटरच्या प्रमाणित मापाने खातरजमा करून घेता येते.