डॅन्यूबच्या काठावरचं रुसे

बल्गेरिया म्हटलं की लोक सोफिया नाहीतर काळ्या समुद्राचे किनारे सांगतात. माझं मन मात्र रुसेवर जडलंय. डॅन्यूबच्या उजव्या तीरावरचं हे शहर. समोर रोमानियाचं जुर्जू. दोन्ही काठांना जोडणारा २ किलोमीटरहून लांब पूल १९५४चा.

रोमन काळात इथे आरमारी ठाणं होतं, पुढे ऑटोमन अंमल आला. १८६४ साली मिधत पाशा इथे गव्हर्नर झाला आणि १८६६मध्ये रुसे-वार्ना रेल्वे धावली. बल्गेरियातली ही पहिली रेल्वे! व्यापाराच्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारती बघत नुसतं भटकावं. त्यातली माझी सर्वांत लाडकी १९०२ची नाट्यगृहाची इमारत. तिच्या भाड्यातून शहरातल्या शाळांना पैसा मिळावा म्हणून ती बांधली होती. केवढा मोठा विचार! चौकातलं स्वातंत्र्य स्मारक इटालियन शिल्पकार आर्नोल्डो झोक्की यांचं. नोबेल विजेते लेखक एलियास कानेटी यांचा जन्मही इथलाच, १९०५चा.

पण रुसेची खरी ओळख त्याच्या माणसांत आहे. १९८०च्या दशकात जुर्जूच्या रासायनिक कारखान्यातून क्लोरीन वायू येई, मुलं आजारी पडत. साम्यवादी राजवटीत मोर्चा काढणं म्हणजे संकट ओढवून घेणं. तरी १९८७मध्ये आया बाबागाड्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. बल्गेरियातल्या लोकशाही चळवळीच्या इतिहासात या आयांना मानाचं स्थान आहे.

जाल तेव्हा जवळची इव्हानोव्होची कातळकोरीव चर्च चुकवू नका. तिथली मध्ययुगीन भित्तिचित्रं युनेस्कोच्या यादीत आहेत.