आजीचं तिकीट आणि 'जर-नाहीतर'

मागच्या वेळी आपण वेब पानावर रकाना आणि बटण ठेवायला शिकलो. आज त्या पानाला निर्णय घ्यायला शिकवू या.

मोडनिंबहून सोलापूरला एसटीनं निघालं की कंडक्टर काय करतो? माणूस बघतो, वय विचारतो, गरज पडली तर आधार कार्ड मागतो आणि मग तिकीट देतो. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला, म्हणजे सगळ्या बायकांना, अर्धं तिकीट. ६५ ते ७५ च्या दरम्यानच्या ज्येष्ठांनाही अर्धंच, बाकीच्यांना पूर्ण. हे सगळं 'जर असं असेल तर तसं' याच भाषेत आहे. जावास्क्रिप्टमध्ये 'जर'ला इफ म्हणतात, 'नाहीतर'ला एल्स, आणि मध्ये आणखी एक अट घालायची असेल तर एल्स इफ.

आम्ही गटात याच तिकिटाचं पान करायला घेतलं. भाडं सोयीसाठी १०० रुपये धरलं. पहिली अट लिहिली: स्त्री असेल तर ५०. दुसरी: वय ७५ किंवा जास्त असेल तर शून्य. तिसरी: वय ६५ किंवा जास्त असेल तर ५०. नाहीतर १००. सगळं बरोबर दिसत होतं. मग एका मैत्रिणीनं तिच्या ७८ वर्षांच्या सासूबाईंची माहिती भरली, तर पान म्हणालं, ५० रुपये द्या! सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, मला तर फुकट आहे की."

चूक यंत्राची नव्हती, आमचीच होती. यंत्र अटी वरून खाली वाचतं आणि पहिली खरी ठरली की तिथंच थांबतं, खालच्या बघतसुद्धा नाही. आजी स्त्री आहेत हे खरं, म्हणून ५० वर काम संपलं. मोफतची अट वर घेतली आणि आजींचं तिकीट शून्य झालं. दोन अटी एकाच माणसाला लागू होत असतील, तर जास्त सवलतीची अट आधी ठेवायची.

दुसरी गंमत बरोबरच्या चिन्हाची. एकीनं 'स्त्री आहे का' हे तपासताना बरोबरचं एकच चिन्ह टाकलं आणि गावातल्या सगळ्या बाप्यांना अर्धं तिकीट मिळायला लागलं! एक बरोबर म्हणजे डब्यात वस्तू ठेवणं. आत काय आहे ते तपासायचं असेल तर तीन बरोबर टाकायचे. आम्ही तपासलं नव्हतं, प्रत्येकाच्या डब्यात 'स्त्री' हा शब्द ठेवून दिला होता.

'७५ पेक्षा जास्त' आणि '७५ किंवा जास्त' यांतही फरक आहे. नुसतं 'पेक्षा जास्त'चं चिन्ह टाकलं तर कालच ७५ पूर्ण झालेले आजोबा मोफतला मुकतात. म्हणून त्या चिन्हापुढं लगेच बरोबरचं चिन्ह जोडायचं. तपासताना ७४, ७५ आणि ७६ असे तिन्ही आकडे टाकून बघा. चूक बहुधा काठावरच सापडते.

आणखी एक सांगायचं राहिलं. रकान्याचं नाव 'वय' असं मराठीत ठेवलं तरी जावास्क्रिप्टला चालतं, आकडे मात्र इंग्रजीच लागतात. आम्ही फोनच्या मराठी कळफलकावरून ७८ लिहिलं. यंत्राला तो अंकच कळला नाही, वयाच्या दोन्ही अटी खोट्या ठरल्या आणि बिचाऱ्या आजोबांना पूर्ण १०० रुपयांचं तिकीट आलं. तेव्हापासून आम्ही सगळ्यांत वर एक अट घातली आहे: वय अंक नसेल तर तिकीट काढू नको, 'वय पुन्हा लिहा' असं सांग.

आता तुमचा घरचा अभ्यास. एसटीत ५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, ५ ते १२ ला अर्धं. या अटी आपल्या यादीत घाला, आणि ३ वर्षांची नात व ८ वर्षांचा नातू घेऊन निघालेल्या ७८ वर्षांच्या आजीला एकूण किती पैसे पडतात ते पानाला विचारा. उत्तर ५० यायला हवं. १०० आलं तर नातीची अट कुठं ठेवली आहे ते बघा.