एका सेकंदानं सोनं हुकलं, चार वर्षांनी मिळवलंच! माउंटन बाइकपटूची कारकीर्द कशी असते?

माउंटन बाइकची ‘क्रॉस कंट्री’ शर्यत डांबरी रस्त्यावर होत नाही. दगड, झाडांची मुळं, दमवणारे चढ आणि अंगावर येणारे उतार अशा काही किलोमीटरच्या वाटेवर फेऱ्या मारायच्या असतात. सगळे एकदम सुटतात. साधारण दीड तासात निकाल लागतो.

स्वित्झर्लंडच्या टेर्सनाउस या छोट्या डोंगरी गावात १९८६ मध्ये जन्मलेला निनो शुर्टर हा या खेळातला सर्वात यशस्वी खेळाडूंपैकी एक. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्याला कांस्यपदक मिळालं. २०१२ मध्ये लंडनला अगदी शेवटी चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुल्हावी पुढं निघाला आणि शुर्टरचं सोनं अवघ्या एका सेकंदानं हुकलं. २०१६ मध्ये रिओला त्याच कुल्हावीला मागं टाकून त्यानं सुवर्णपदक जिंकलं. शिवाय तो तब्बल १० वेळा जगज्जेता झाला. पहिल्यांदा २००९ मध्ये, दहाव्यांदा २०२२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी.

मग पोट कशावर चालतं? सायकल कंपन्यांचे संघ खेळाडूंना करारावर घेतात. सायकल, मेकॅनिक, प्रवास हे संघ बघतो. शुर्टर स्कॉट कंपनीच्या संघाकडून खेळला. पण निकाल आले तरच करार टिकतो. म्हणूनच एक मोठी शर्यत जिंकण्यापेक्षा वर्षानुवर्षं पुढं राहणं अवघड.