कर्ज सरकारचं, हिशेब तिसऱ्याकडे

अमेरिकेतल्या शैक्षणिक कर्जाचा विषय निघाला की दोघांनाच धारेवर धरलं जातं : हप्ते गोळा करणाऱ्या 'सर्व्हिसर' कंपन्यांना, नाहीतर न वाचता सह्या करणाऱ्या विद्यार्थ्यांना. गेली साठ वर्षं नीट पाहिली तर मोठा दोष तिसरीकडेच दिसतो. कर्जाचे नवे प्रकार आणताना जुने कोणी मोडीत काढले नाहीत, आणि आपलं कर्ज यातलं नेमकं कोणतं हे समजावण्याचं काम अशा मध्यस्थाकडे गेलं, ज्याला त्यात वेळ घालवणं परवडत नव्हतं.

१९६५च्या उच्च शिक्षण कायद्याने रचना ठरली ती अशी : पैसा बँकेचा, हमी सरकारची. १९९३च्या कायद्याने सरकारने स्वतःच्या तिजोरीतून 'डायरेक्ट' कर्ज देण्याची योजना आणली, पण बँकांची योजनाही चालूच ठेवली. कोणतं कर्ज मिळणार हे बहुधा कॉलेज कोणत्या योजनेत आहे त्यावर ठरे. सबसिडाइज्ड कर्जावर शिक्षण सुरू असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं, अनसबसिडाइज्डवर ते पैसे हाती पडल्यापासून चढत जातं. हे दोन्ही प्रकार दोन्ही योजनांत होते, आणि दोन्हीकडे नाव एकच, 'स्टॅफर्ड'. शिवाय पालकांसाठी 'प्लस', गरजूंसाठी कॉलेजमार्फत 'पर्किन्स', आणि या सगळ्याबाहेर खासगी कर्जं. २०१०मध्ये नव्या कर्जांपुरता बँकांचा मार्ग बंद झाला. जुनी कर्जं होती तिथेच राहिली.

याचे परिणाम लोकसेवा कर्जमाफीत उघडे पडले. २००७च्या कायद्यानुसार सरकारी किंवा ना-नफा संस्थेत नोकरी करत १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ व्हायचं होतं. पहिले लाभार्थी २०१७च्या अखेरीस पात्र झाले. २०१८च्या मध्यापर्यंत २८ हजारांहून अधिक अर्जांची छाननी झाली आणि प्रत्यक्ष माफी मिळाली ९६ जणांना. टीकाकार म्हणतात, कायद्यात 'डायरेक्ट' कर्ज हवं असं स्पष्ट लिहिलं होतं, वाचायचं होतं. लिहिलं होतं, हे खरंच. पण ऑक्टोबर २०२१मध्ये शिक्षण खात्याने वर्षभरासाठी ही अट सैल केली. बँकांच्या जुन्या योजनेतलं कर्ज एकत्रीकरण करून 'डायरेक्ट'मध्ये आणलं, तर आधीचे हप्तेही मोजले जाऊ लागले. ही सवलत आणि पुढची हिशेब-दुरुस्ती मिळून २०२४ संपेपर्यंत माफी मिळालेल्यांची संख्या दहा लाखांवर गेली. नोकऱ्या त्याच, भरलेले हप्ते तेच. आळस हेच कारण असतं, तर एका परिपत्रकाने चित्र इतकं पालटलं नसतं. करोनाकाळातही हेच दिसलं : मार्च २०२०पासून सरकारच्या मालकीच्या कर्जांचे हप्ते थांबले, बँकांच्या मालकीच्या स्टॅफर्ड कर्जांचे नाही.

मग सर्व्हिसर निर्दोष? तसं मी म्हणणार नाही. या कंपन्यांना खात्यामागे दरमहा ठरावीक रक्कम मिळते. अडचणीतल्या कर्जदाराला उत्पन्नाधारित हप्त्याची योजना समजावण्यापेक्षा 'फॉरबेअरन्स' देऊन, म्हणजे हप्ता तात्पुरता थांबवून, फोन ठेवणं त्यांना स्वस्त पडतं. कर्जदाराचं व्याज मात्र चढत राहतं. २०१७मध्ये ग्राहक वित्त संरक्षण विभागाने नॅव्हिएंट या सर्व्हिसर कंपनीवर नेमका हाच आरोप ठेवला. कंपनीने तो नाकारला, तरी २०२४मध्ये १२ कोटी डॉलरची तडजोड झाली आणि सरकारी कर्जांची सेवा देण्यास तिला मनाई झाली. कंपन्या फक्त कंत्राट पाळत होत्या, हा बचाव मला अर्धाच पटतो. पण कंत्राट लिहिणारं खातं सरकारचंच होतं, हेही विसरता येत नाही.

विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मराठी मुलांना ही सरकारी कर्जं मिळत नाहीत. त्यांचा हप्ता बहुधा इथल्या बँकेत किंवा खासगी संस्थेत जातो. पण तिथे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक झालेल्या घरांतल्या मुलांना हा गुंता चुकत नाही. त्यांनी सर्व्हिसरला फोन करण्याआधी सरकारी संकेतस्थळावर स्वतः लॉगिन करून कर्जाच्या नावात 'डायरेक्ट' शब्द आहे का ते पाहावं आणि भरलेल्या हप्त्यांची नोंद स्वतःजवळ ठेवावी, कारण सर्व्हिसर बदलतात. फेडलोन या सर्व्हिसरने काम सोडलं तेव्हा लाखो खाती दुसऱ्या कंपन्यांकडे गेली. जुलै २०२५च्या कायद्याने १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांसाठी पदव्युत्तर शिक्षणाचं 'ग्रॅड प्लस' बंद केलं आणि परतफेडीची नवी योजना आणली. जुन्या कर्जांना मात्र याही वेळी वेगळे नियम आहेत.